ताई, जरा हळू

आमच्या शिरगावच्या सोसायटीत मी रविवारी पोरांना गणित शिकवते. फी वगैरे काही नाही. 2023च्या जानेवारीत आठवीतली एक मुलगी शांतपणे म्हणाली, "ताई, तुझं उत्तर येतं, पण मला काहीच कळत नाही." बोंबला! आणि ठाण्याच्या ऑफिसात मी नव्या लोकांची ट्रेनर, बरं का.

मग बदलापूर लोकलच्या चौथ्या सीटवर बसून कोर्सची शोधाशोध. एम.एड. करायचं तर आधी बी.एड. हवं, 2015पासून दोन्ही दोन-दोन वर्षांचे, म्हणजे चार वर्षं! बेंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात एम.ए. एज्युकेशनला बी.एड. लागत नाही, पण घर सोडायचं. इग्नूचं एम.ए. नोकरी सांभाळून होतं. त्याचा फॉर्म जवळजवळ भरलाच होता, तेव्हा कळलं की शाळेत शिक्षक व्हायला ते बी.एड.च्या जागी चालत नाही.

आई म्हणाली, "फ्लॅटचा हप्ता कोण भरणार?" बरोबरच होतं तिचं. तरी सीईटी दिली, राजीनामा दिला. दोन वर्षं हप्ता दादाने भरला. (अजून ऐकवतो.)

बी.एड.मध्ये खऱ्या वर्गात पाठ घ्यायचे असतात, मॅडम मागच्या बाकावर बसून चुका लिहितात. माझ्या पहिल्या पाठाचा शेरा: "फार भरभर."