गोष्टींचा माग

मुंबई-पुण्याच्या माणसाला सोलापूर म्हटले की तीन गोष्टी आठवतात : चादर, शेंगांची चटणी आणि ऊन. तिन्ही खऱ्या आहेत. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने पहाटे उतरलेला पाहुणा तळ्यातले देऊळ पाहतो, भुईकोट किल्ल्यात एक फेरी मारतो, चटणीचा पुडा आणि चादर घेऊन रात्रीच्या गाडीने परत जातो. त्याची चूक नाही. पण सोलापूर हे पाहण्यापेक्षा ऐकण्याचे गाव आहे. इथेच जन्मून आणि इथल्याच कॉलेजात वीस वर्षे मराठी शिकवूनही मला ते फार उशिरा कळले.

नवी पेठेत मराठी ऐकत निघावे; विजापूर वेशीत उर्दू कानांवर पडते. अक्कलकोटच्या एस.टी.तून उतरणारी माणसे कानडीत भांडतात आणि कानडीतच समेट करतात. पूर्व भागात शिरले की तेलुगू सुरू होते. पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती. खटखट करणारे यंत्रमाग, दाराशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका आणि गल्लीत तेलुगूत चाललेला मराठी शाळेचा गृहपाठ!

आमच्या घरीही दोन भाषा होत्या. वडील मराठी, आई अक्कलकोटकडची. आई माझ्याशी मराठीत बोले; मावशी आली की दोघी कानडीत रमत. मी अभ्यासाला बसलो की मात्र आवाज खाली येत. मुलाचे मराठी बिघडू नये, ही काळजी! मराठी बिघडले नाही, मुलगा एम.ए. झाला. कानडी तेवढी हातची गेली. आई गेल्यावर ही हळहळ मी कोणाजवळ बोललो नव्हतो.

गेल्या उन्हाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. पूर्व भागातल्या एका मराठी शाळेत ती शिक्षिका आहे. "सर, शाळेला आठ लॅपटॉप मिळालेत. जुने आहेत, पण चालतात. त्यांत मुलांनी वाचावं असं काही घालायचं आहे. दोन-चार गोष्टी मराठीत करून द्याल?"

मराठीच्या प्राध्यापकाला दोन-चार बालगोष्टी म्हणजे काय मोठे? मी उदारपणे होकार दिला.

मुलांच्या हाती स्वस्त लॅपटॉप द्यावा, ही कल्पना तशी नवी नाही. २००५ साली अमेरिकेतल्या निकोलस निग्रोपॉन्टी यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली, तेव्हा जगभर कौतुक झाले. पुढे ते हिरवे-पांढरे यंत्र तयार झाले. किंमत मात्र शंभरावर न थांबता दुपटीजवळ गेली. आपल्या कर्जत तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावरच्या छोट्या शाळेतही २००७ साली ते पोचले होते. पेरू देशाने तर ती यंत्रे लाखांनी वाटली. पण २०१२ साली तिथल्या पाहणीत आढळले, की मुलांचे गणित आणि भाषा यांतले गुण त्यामुळे वाढले नाहीत. दप्तर दिले म्हणजे विद्या दिली असे होत नाही. दप्तरात काय आहे आणि ते मुलाला आपले वाटते का, हे पाहावे लागते.

माझ्या विद्यार्थिनीने ज्या ठिकाणाहून गोष्टी घेतल्या, त्याचे नाव ऐकून मला गंमत वाटली : 'स्टोरीवीव्हर', म्हणजे गोष्टींचा विणकर! 'प्रथम बुक्स' या संस्थेने ८ सप्टेंबर २०१५ रोजी, साक्षरता दिनी, ते सुरू केले. तिथली गोष्ट कोणीही वाचावी, छापावी, आपल्या भाषेत करावी; हवी तर बदलावीही. अट एवढीच, की मूळ लेखक-चित्रकारांची नावे द्यायची आणि आपण बदल केला असेल तर तसे सांगायचे.

मी एका विणकर आजोबांची इंग्रजी गोष्ट निवडली. विणकरांच्याच मुलांना ती आवडणार, हा माझा हिशेब. अनुवाद करताना लेखणीला धार आली. "आजोबांच्या हातातील धोटा उभ्या धाग्यांमधून लीलया संचार करीत होता," हे वाक्य लिहून मी ते दोनदा मोठ्याने वाचले, इतका खूश होतो.

शाळेत ती गोष्ट वाचायला चौथीतली एक मुलगी उठली. 'धोटा'पाशी अडली. "सर, धोटा म्हणजे?"

मी समजावून सांगितले. ती ऐकत होती. एकदम तिचा चेहरा उजळला. "म्हणजे शटल! मग शटलच लिहा की सर!"

सगळी रांग हसली. तिचे वडील मागावर काम करतात. 'लीलया संचार' तर तिने न वाचताच ओलांडला होता.

आठवड्याने पुन्हा गेलो, तर पडद्यावर वाक्य होते : "आजोबांचं शटल इकडून तिकडे पळत होतं." मला राग आला. प्राध्यापकाचे वाक्य कोणी खोडत नाही. तो इतरांची खोडतो. "मला विचारायचं तरी होतंस," मी म्हणालो.

"सर, परवानगी तुम्ही आधीच दिली आहे," असे म्हणून तिने गोष्टीचे शेवटचे पान उघडले. माझ्या नावाखाली ते सारे स्पष्ट लिहिलेले होते. मी ते वाचले नव्हते, इतकेच.

फुकट आणि मोकळे यांतला फरक मला त्या दिवशी उमगला. पाठ्यपुस्तके आज संगणकावर फुकट वाचायला मिळतात. सोय मोठीच आहे. पण त्यांतला शब्द बदलून वर्गाला कळेल असा करून पुन्हा वाटायचा, तर त्याला परवानगी लागते. मोकळी गोष्ट शिक्षिकेच्या हाती कच्चे सूत म्हणून येते. आपल्या वर्गाच्या मापाचे तिने विणावे.

आमच्याच जिल्ह्यात याचा एक मोठा दाखला आहे. माढे तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत २००९ साली रुजू झालेल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घातले. मोबाइल धरला की कविता ऐकू येई, धडा दिसे. २०१७ साली राज्याने ती कल्पना उचलली. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. तो चौकटींचा कोडसुद्धा १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने काढला आणि पेटंट असूनही सर्वांना वापरू दिला. त्यांनी हात आखडता घेतला असता, तर परितेवाडीपर्यंत तो पोचता ना!

त्या मुलीची आजी पूर्वीपासून विड्या वळते. नातीला तेलुगू बोलता येते, वाचता येत नाही. आजीला वाचताच येत नाही. म्हणून शिक्षिकेने मुलीकडून ती गोष्ट घरच्या तेलुगूत सांगून घेतली आणि देवनागरीत लिहिली. मुलीने ती आजीला वाचून दाखवली तेव्हा मी तिथे होतो. आजीच्या मांडीवर सूप होते आणि हात चालूच होते. मध्येच हात थांबले. आजीने दोन शब्द बदलायला लावले. नातीने मुकाट्याने बदलले. माझ्यासारखा राग तिला आला नाही.

त्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन अक्कलकोटला मावशीकडे गेलो. मावशी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. "मावशी, ही गोष्ट कानडीत सांग. मी लिहून घेतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. "कानडीत? आणि तुझं मराठी बिघडलं म्हणजे रे?"

"बिघडू दे."

ती हसली, डोळ्यांना पदर लावला आणि गोष्टीतल्या आजोबांपासून सुरुवात केली : "अज्जा..." मी ते टाइप केले आणि वाचून दाखवले. तिने मान हलवली. उच्चार चुकला होता. तिने मला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. या वेळी तिचा आवाज खाली नव्हता.