पाव्हणं

बँकॉकला येऊन आठवडा झाला असेल. सुखुमवित रस्त्यावर आमची टॅक्सी अर्धा तास एकाच जागी उभी होती. शेवटी टॅक्सीवाला मागे वळला आणि पाऊस पडतोय म्हणावं इतक्या शांतपणे म्हणाला, "रोत तित." रोत म्हणजे गाडी, तित म्हणजे चिकटणं, अडकणं. पुढे थाई लिपी गिरवायला बसले तेव्हा 'रोत' लिहितात कसा ते पाहिलं. र आणि थ. अरेच्चा, रथ! म्हणजे त्या संध्याकाळी सुखुमवितवर आम्हा हजारोंचे रथ रुतले होते आणि मी उगाच टॅक्सीच्या मीटरकडे बघत बसले होते. तेव्हापासून कर्णाची आठवण येते आणि इथला ट्रॅफिक जरा कमी छळतो.

थाई माणूस संस्कृत शब्द लिहिताना जपून ठेवतो आणि बोलताना त्याची शेपटी गिळून टाकतो. खानावळीच्या पाटीवर 'आहार' असतं, वाचायचं मात्र 'आहान'. नगराचं नखोन, गुरूचा ख्रू. टेलिफोनला 'थोरसप' म्हणतात, म्हणजे दूरशब्द. आपण 'दूरध्वनी' घडवला आणि सरकारी कागदात ठेवून दिला. इथला दूरशब्द भाजीवालीच्या तोंडी आहे. वेळेला 'वेला' आणि रविवारला 'वान आथित', आदित्याचा दिवस. माझी आजी 'आयतवार' म्हणायची. स्कायट्रेनमध्ये "सथानी तॉ पय", पुढचं स्थानक, अशी घोषणा झाली की अजूनही वाटतं, आपल्याच गावचं कुणीतरी वेष पालटून बोलतंय.

खुद्द शहराला इथे कुणी बँकॉक म्हणत नाही. ते क्रुंग थेप, देवांची नगरी. 1782 साली पहिल्या रामाने चाओ फ्राया नदीच्या पूर्वकाठी राजधानी वसवली. शहराचं पूर्ण नाव सांगायला एक दीर्घ श्वास लागतो आणि त्या श्वासाच्या शेवटी इंद्राच्या आज्ञेवरून हे शहर बांधणारा विश्वकर्मा येतो. विजेच्या खांबांवर तारांची जी जटा लोंबते ती बघून मी त्याला मनोमन हात जोडते. बांधलंस छान बाबा, वायरिंग तेवढं दुसऱ्याला दिलंस.

ऑफिसला जायला मी होडी धरते. सॅन सॅप हा कालवा तिसऱ्या रामाने 1837 मध्ये खणायला घेतला, कंबोडियाच्या बाजूला लढाईला फौज न्यायला सोपं पडावं म्हणून. आता रोज सकाळी इस्त्रीचे शर्ट घातलेली फौज त्यातून कामावर जाते. पाणी काळं, वास उग्र. लाटेचं पाणी अंगावर येऊ नये म्हणून दोन्ही कडांना प्लॅस्टिकचा पडदा असतो. तो वर ओढायची दोरी कडेला बसलेल्याच्या हाताशी. कडेची जागा मिळाली की ते काम तुमचं, असा अलिखित करार. पहिल्या दिवशी मला कुठलं माहीत! समोरून दुसरी होडी आली, मी कौतुकाने बघत राहिले आणि मागच्या दोन रांगांसकट भिजले. कुणी चकार शब्द काढला नाही. फक्त मागून एक हात माझ्या खांद्यावरून आला आणि त्याने दोरी ओढली.

गल्लीच्या तोंडाशी, म्हणजे सोयच्या तोंडाशी, सोम तामची गाडी आहे. ती चालवणाऱ्या बाईंना सगळे 'पा' म्हणतात. पा म्हणजे आईची किंवा वडिलांची थोरली बहीण. कच्ची पपई, शेंगदाणे, चिंच, ताडाचा गूळ आणि वर सुकी कोळंबी, असं सगळं त्या उंच मातीच्या खलात चेचतात. लाकडी मुसळ 'पोक पोक' वाजतं. कोकणातल्या माणसाला यातलं काय नवीन? सुकट घातलेली कोशिंबीरच ती. तिखट किती, ते मिरच्या मोजून सांगायचं. पहिल्यांदा मी पाच बोटं दाखवली तेव्हा पांनी मुसळ थांबवलं, मला नीट न्याहाळलं आणि शेजारच्या गाडीवाल्याला म्हणाल्या, "खॅक."

खॅक म्हणजे आम्ही. भारतीय, मलायी, अरब, सगळे त्यात आले. गोऱ्यांना 'फरांग', आपल्या फिरंग्याचा हा सख्खा भाऊ. सिलोम रस्त्यावरचं मारिअम्मनचं देऊळ तमिळांनी बांधलं, लोकांच्या तोंडी ते 'वात खॅक'. साप आणि खॅक एकदम दिसले तर आधी खॅकला झोडपा, अशी म्हणही इथे आहे. ती कळली त्या दिवशी हा शब्द टोचला. कधी कधी तो नाक मुरडूनही येतो. पण कोशात पाहिलं तर त्याचा साधा अर्थ पाहुणा.

मी साताऱ्याकडची. आमच्याकडे एसटी स्टँडवर अनोळखी माणसाला हाक घालतात, "पाव्हणं, कुठलं म्हणायचं?" त्या हाकेत तुम्ही आमचे नाही हे असतं आणि या, टेका हेही असतं. टिंगल करायची तरी शब्द तोच. एवढं सगळं एका शब्दात मावतं हे मला इथे कळायला नको होतं, घरूनच ठाऊक होतं. पाहुण्याचा धर्मही तिथलाच: दोन दिवस वाढून घ्यावं, तिसऱ्या दिवशी उठून पानं घ्यायला लागावं.

परवा होडीत माझ्या पुढे कडेला एक नवखा बसला होता. मांडीवर बॅग, हातात फोन, नजर काठावरच्या घरांवर. समोरून होडी आली. मी त्याच्या खांद्यावरून हात घातला, दोरी ओढली आणि कसं कोण जाणे, तोंडातून मराठीच निघालं, "जरा सरका, पाव्हणं."