ताज्या बर्फाखालचा जुना थर

गुलमर्गचा बर्फ येतो भूमध्य समुद्राकडून. तिकडून निघालेले पश्चिमी झंझावात पीर पंजालला धडकतात आणि कधी कधी एका रात्रीत कमरेइतका बर्फ टाकून जातात. त्या ताज्या बर्फात जवळपास ९० टक्के हवाच असते. त्यावरून स्कीने उतरताना पायांखाली काही आहे असं वाटतच नाही. वळण घेतलं की बर्फ छातीपर्यंत उसळतो, आणि आवाज म्हणाल तर फक्त आपल्या श्वासाचा. मी हिमस्खलनांचा अभ्यास करते, त्यांचे धोके शिकवते. तरी अशा सकाळी मित्रांनी दार वाजवलं की मी आधीच बूट चढवून बसलेली असते.

एका फेब्रुवारीतली अशीच सकाळ. वादळ रात्रीच निवळलं होतं. अफरवाटच्या खांद्यावर, सुमारे ३,९८० मीटर उंचीवर नेणारा केबल कारचा वरचा टप्पा अशा वेळी गस्तीपथकाने उतार तपासेपर्यंत बंद असतो. आम्ही चौघं चालतच निघालो. स्कीच्या तळाला मोहेर आणि नायलॉनच्या पट्ट्या चिकटवतात. त्यांची लव मागच्या बाजूला झुकलेली असल्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. पूर्वी या पट्ट्या सीलच्या कातड्याच्या असत. सर्वात पुढे आमचा टंगमर्गचा मित्र. नव्या बर्फात वाट पाडणं हे सगळ्यात कष्टाचं काम, म्हणून दर काही मिनिटांनी पुढचा माणूस बदलायचा. घाम फुटू द्यायचा नाही, कारण ओले कपडे थांबल्यावर अंगावर गोठतात.

देवदार-फर संपून भूर्जाची झाडं सुरू झाली, तिथे मी खड्डा खणला. वरून दिसणारा बर्फ सगळीकडे सारखाच सुंदर असतो. त्याचा स्वभाव कळतो तो खाली. हिवाळ्याच्या सुरुवातीला पातळ बर्फ पडून आकाश बरेच दिवस निरभ्र राहिलं, की जमिनीलगतचा बर्फ शून्याच्या आसपास राहतो आणि पृष्ठभाग कडाक्याचा थंड होतो. या फरकामुळे आतली वाफ वर सरकत राहते आणि तळाचे कण जाड्या साखरेसारखे टोकदार, सुटे होतात. ते एकमेकांना धरून राहत नाहीत. नव्या बर्फाचं सगळं ओझं या थरावर येतं. उतार ३० ते ४५ अंशांचा असला, तर एका स्कीअरचं वजनही तो थर मोडायला पुरतं.

मी ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा खांब कापला, वर फावडं ठेवलं आणि ठोके द्यायला लागले. आधी मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा, अशी ही चाचणी. कोपराच्या ठोक्यांवरच वरचा अख्खा ठोकळा सरळ रेषेत सुटून माझ्या मांडीवर आला.

समोर झाडांपलीकडे मोकळा उतार होता, एकही रेघ नसलेला. खड्ड्यातला पुरावा सगळ्यांनी पाहिला होता, तरी नजरा तिकडेच वळत होत्या. माझ्या विषयातला सगळ्यात अवघड भाग हाच. अमेरिकन संशोधक इयन मॅकॅमन यांनी ७०० हून अधिक दुर्घटना तपासल्या. त्यांत सापडलेल्या कितीतरी जणांना प्रशिक्षण होतं आणि धोक्याच्या खुणाही समोर होत्या. ओळखीचा उतार, इतरांनी आधी काढलेल्या रेघा, पहिलं उतरण्याची घाई, सोबत्यांपुढे नाही म्हणण्याचा संकोच, यांनी निर्णय बिघडवले होते. मैत्रीत हा संकोच वाढतो, असं माझं ठाम मत आहे. आणि गाडलं गेल्यावर वाचवणारेही तेच मित्र असतात. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी साधारण नऊ जण वाचतात. अर्धा तास गेला की बहुतेक गुदमरतात. एवढ्या वेळात बाहेरची मदत पोचत नाही. म्हणून प्रत्येकाच्या छातीशी ४५७ किलोहर्ट्‌झवर चालणारा ट्रान्सीव्हर, पाठीवर शोधकाठी आणि फावडं. ८ फेब्रुवारी २०१० रोजी याच परिसरात प्रशिक्षण घेणारे सैन्याचे १७ जवान हिमस्खलनात गेले. ती तारीख मी प्रत्येक वर्गात सांगते.

आमचा नियम असा, की एकाने नाही म्हटलं तर कारण न विचारता तो उतार सोडायचा. त्या दिवशी ‘नको’ म्हणाली ती पुण्याची मैत्रीण, चौघांत सर्वात नवखी. सह्याद्रीत वाढलेल्या तिला बर्फाचे थर नीट वाचता येत नव्हते, पण मांडीवर आलेला तो ठोकळा तिने पाहिला होता. कुणी एक शब्द वाढवला नाही.

आम्ही कमी उताराच्या जंगलातून उतरलो. झाडं आहेत म्हणजे सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. स्की फिरवता येईल इतकी विरळ झाडी बर्फाला धरून ठेवू शकत नाही, आणि बुंध्याभोवतीच्या पोकळीत माणूस डोक्यावर पडून अडकू शकतो. म्हणून एकेकाने उतरायचं, बाकीच्यांनी नजर हलवायची नाही. पण काय उतरलो! मैत्रीण दोन झाडांमधून निघाली तेव्हा बर्फाच्या पडद्याआड दिसेनाशी झाली आणि खाली पोचून मोठ्याने ओरडली. एरवी गंभीर असणारा टंगमर्गचा मित्र तर चक्क गात उतरला. पट्ट्या पुन्हा चिकटवून आम्ही तोच टप्पा परत चढलो, पुन्हा उतरलो.

संध्याकाळी नून चहा पिता पिता मी खड्ड्याची नोंद लिहिली: उंची, उताराची दिशा, कमकुवत थराची खोली, किती ठोक्यांवर तुटला. ती गस्तीपथकाकडे दिली, कारण दुसऱ्या दिवशी वारा वाढणार होता आणि वाऱ्याआडच्या उतारांवर आणखी बर्फ साचणार होता.