जुना सांगाडा, नवी तोफ

आमच्या बुरहानपुरात पाहुणा आला की त्याला असीरगड आणि कुंडी भंडारा दाखवायचा, हे ठरलेलं. या दिवाळीत मात्र मीच बाबांना घेऊन बाहेर पडलो. रावेर, भुसावळ, जळगाव, संभाजीनगर करत अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या अहमदनगरला, रणगाडा संग्रहालय पाहायला. वाटेत विषय एकच: घरचे चार जुने पॉवरलूम. मी म्हणत होतो, भंगारात काढू. बाबा गप्प.

संग्रहालयात सेंच्युरियन, विजयंत, पाकिस्तानकडून जिंकलेला पॅटन असे कितीतरी रणगाडे आहेत. मी रेंगाळलो टी-५५ पाशी. हा सोव्हिएत बनावटीचा, मूळ तोफ १०० मिलिमीटरची. आपल्या सैन्याने पुढे या जातीच्या रणगाड्यांवर विजयंतासारखी १०५ मिलिमीटरची तोफ चढवली. मारा वाढला, शिवाय दोन्ही रणगाड्यांना एकाच मापाचे गोळे चालू लागले. ओळखायची खूण सांगतो. नळीवर धूर बाहेर काढणारा एक फुगवटा असतो. तो टोकाशी असेल तर तोफ मूळची, मध्याच्या आसपास असेल तर बदललेली. मुलांना घेऊन गेलात तर त्यांनाच शोधायला लावा.

पण नुसती तोफ बदलून भागत नाही. गोळा सरळ रेषेत जात नाही, लांब जाताना खाली येतो. म्हणून अंतर अचूक कळावं लागतं. पूर्वी तोफची ते दुर्बिणीतून अंदाजाने ठरवायचा. आधुनिक यंत्रणेत लेझर अंतर मोजतो आणि संगणक वारा, तापमान, रणगाड्याचा कल हिशेबात धरून नळी किती उचलायची ते ठरवतो. टी-७२ ला तर रात्री पाहणाऱ्या थर्मल दुर्बिणीही नंतर बसवल्या. रोज जुनी सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मला हे फार ओळखीचं वाटलं.

बाबांनी एवढंच विचारलं, "आणि अंगावरचं चिलखत?"

"ते मुळात तेच, बाबा. म्हणून शेवटी टी-५५ ला निवृत्त व्हावंच लागलं."

"म्हणजे तरुण नाही झाला. पण काही वर्षं मिळाली."

परतताना भुसावळला चहा घेताना बाबा स्वतःच बोलले, "चारातल्या दोघांचा सांगाडा आता धड नाही. ते काढू."

उरलेल्या दोघांना नवी मोटर आणि धागा तुटताच माग थांबवणारी यंत्रणा बसवायची ठरली. खर्च माझा, देखरेख बाबांची.