नासलेलं आणि फाडलेलं

उधमपूरला पोस्टिंग असताना कलाडीची ओळख झाली. तळहाताएवढी पांढरी चकती. मीठ लावून तव्यावर टाकली की स्वतःच्याच स्निग्धात तळली जाते, बाहेरून खरपूस आणि आत तार सुटणारी. कुलच्यात घालून देतात. आमच्या साताऱ्याच्या एका शिपायाने वास घेतला आणि म्हणाला, "साहेब, हे नासलेलं दूधच की!"

निम्मं बरोबर होतं त्याचं. दुधात केसिन या प्रथिनाचे बारीक कण तरंगत असतात. आंबटपणा वाढला की ते एकमेकांना चिकटतात, पाणी वेगळं होतं. नासताना हेच, फाडतानाही हेच. प्रश्न एवढाच, की आंबवलं कोणी? विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, आणि त्या आंबटात कुजवणाऱ्या बऱ्याच जिवाणूंचं फावत नाही. उघड्या पडलेल्या दुधात मात्र जो शिरेल तो आपला. काही तर प्रथिनंच कुजवतात, मग कडवट चव आणि घाण वास.

डोंगरातल्या गुज्जर घरांत कलाडी करताना पाहिली. लोखंडी भांड्यात दूध तापवून, घुसळत, त्यात आंबट निवळ घालायची. कमी पडली तर दूध जमत नाही, जास्त झाली तर गोळा भुसभुशीत होतो, ताणला जात नाही. माप नाही, हाताचा अंदाज. मग गोळा ताणून, थापून, पानांच्या द्रोणात निववायचा आणि उन्हात वाळवायचा. म्हशीच्या दुधात साधारण 83 टक्के पाणी. ते जितकं जाईल तितकं टिकेल. बाजार खाली दूर, म्हशी वर कुरणात. दूध तिथवर टिकत नाही, कलाडी पोचते. तिच्यावर घर चालतं.

जूनमध्ये लंगरचं एक कॅन दूध आपोआप फाटलं. स्वयंपाकी म्हणाला, "साब, पनीर बना लूं?" मी ओतून द्यायला लावलं. दीडशे माणसांच्या पोटाचा सवाल होता, आणि ते कोणी आंबवलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. सुभेदारसाहेब डोग्रा, त्यांनी मान डोलावली. म्हणाले, आमच्या घरीही असं दूध कलाडीला घेत नाहीत.

तोच सातारकर पुढे झेलमने सुट्टीवर निघाला तेव्हा कलाड्या मागायला आला. सुभेदारसाहेबांनी बजावलं, "सूखी वाली ले जाना, गीली रास्ते में ही जाएगी." त्याने दोन डझन वाळलेल्या बांधून नेल्या.