स्वयंभू गंधार

मी ज्या घरात वाढलो त्या घरात वाद्य म्हटले की तंबोराच डोळ्यांपुढे येई. पेटी होती, मृदंग होता, झांजांची एक जोडी आजोबांबरोबर कारवारहून आली होती. पण ती सारी भजनाची साधने. गवसणीत, मान वर करून, देवघराशेजारच्या कोपऱ्यात उभा असे तो एकटा तंबोरा. तो मिरजेचा. आईच्या आईने तो लग्नात आणला आणि आईने तो आपल्या लग्नात कटंगीला आणला. आजोबा तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीवर हिशेबनीस म्हणून या बालाघाट जिल्ह्यात आले आणि इथलेच झाले. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे आमच्या घरात कोर्टाची भाषा हिंदी, पुस्तकांची मराठी आणि रागावण्याची कोंकणी अशी वाटणी झाली, ती अजून टिकून आहे.

अशा घरात माझ्या मुलाने वयाच्या पंधराव्या वर्षी इलेक्ट्रिक गिटार आणली. आणली म्हणजे मीच घेऊन दिली. दहावीच्या गुणांचा तो करार होता आणि करार मोडणे वकिलाला शोभत नाही. पण गिटारीपाठोपाठ त्याने लहानशा ॲम्प्लिफायरसाठी पैसे मागितले तेव्हा मी ‘पुढे पाहू’ म्हणालो. अखेर त्याने स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून, त्याहून पुष्कळ स्वस्त मिळाली म्हणून, पायाने दाबायची एक लोखंडी डबी विकत घेतली. तिला पेडल म्हणतात. तिच्यातून गेलेला गिटारीचा सूर दाट, फाटका आणि लांबणारा होतो. घरी तो कानांना श्रवणी लावून वाजवी, त्यामुळे आम्हां कोणाला काही ऐकू येत नसे. आम्हीही विचारले नाही.

गेल्या वर्षी रामनवमीच्या रात्री आमच्या आळीतल्या मंदिरात भजन होते. पेटीवाल्या काकांनी कौतुकाने त्याला बोलावले. त्याने डबी जोडली आणि डबीतून निघालेली तार मंदिराच्या लाऊडस्पीकरला जोडली. पहिल्या अभंगाला तो नुसता षड्ज धरून होता, ते निभावले. दुसऱ्याला त्याने तीन तीन, चार चार स्वर एकदम छेडले आणि सभामंडपावरच्या कर्ण्यांतून जे बाहेर आले त्याची तुलना मी गांधीलमाशांच्या पोळ्याशी केली तर पोळ्यावर अन्याय होईल. वयस्कर मंडळींनी कानांवर हात ठेवले. मी मंदिराचा विश्वस्त. उठलो, भिंतीपाशी गेलो आणि सर्वांदेखत त्याच्या वाद्याची तार उपटून काढली.

तो काही बोलला नाही. गिटार पिशवीत घालून घरी गेला. त्यानंतर दोन महिने ती पिशवी उघडली नाही.

कोर्टात प्रतिपक्ष हजर नसेल तर एकतर्फी हुकूम होतो. पण तोही नोटीस बजावल्यानंतर. इथे प्रतिपक्ष समोर उभा होता आणि तरी त्याला न ऐकता मी निकाल दिला होता. हे मला सुचले असे म्हणण्याचा मोह होतो, पण सुचले नाही, आईने सुनावले. ज्येष्ठातल्या एका दुपारी भाजी निवडता निवडता ती एवढेच म्हणाली, “तुवें ताचें आयकलें?” तिचे वय ब्याऐंशी. वीस वर्षे मी जिल्हा कोर्टात उलटतपासण्या घेत आहे. असा प्रश्न मला एकही विचारता आलेला नाही.

त्या संध्याकाळी मी मुलाच्या खोलीत गेलो. बारावी संपली होती, महिनाभरात तो नागपूरला शिकायला जाणार होता. मी म्हटले, “त्या रात्री काय बिघडले होते ते मला सांग.” त्याने आधी माझ्याकडे संशयाने पाहिले. मग सांगू लागला. साक्षीदार खरे सांगत असला की त्याचे हात हालतात. त्याचे हात हालत होते.

गिटारीच्या तारांखाली पिकअप नावाचा तुकडा असतो: चुंबक, आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकाचे क्षेत्र हालते आणि वेढ्यांत वीज उत्पन्न होते. फॅरडेने १८३१ साली दाखविलेले तत्त्व तेच. याचा अर्थ असा की इलेक्ट्रिक गिटारीतून आवाज निघत नाही, आवाजाची अर्जी निघते. तिचा निकाल ॲम्प्लिफायर आणि त्याचा भोंगा लावतात. गिटारीसाठी बनविलेला भोंगा मुद्दामच अपुरा असतो; सेकंदाला सुमारे पाच हजार कंपनांच्या वरचे स्वर तो फारसे उमटू देत नाही. डबीने उठवलेली करकर तो गाळून टाकतो. मंदिराचे कर्णे माणसाच्या बोलण्यासाठी केलेले. खालचा भरदार भाग त्यांना पेलत नाही आणि जो भाग टोचतो तोच ते पुढे करतात. “मला हे ठाऊक होते,” तो म्हणाला. “म्हणूनच मी ॲम्प मागितला होता, बाबा.”

यावर माझ्याजवळ जबाब नव्हता. पुढच्या आठवड्यात नागपूरहून एक लहान ॲम्प्लिफायर आला.

तो आल्यावर प्रथम ऐकू आली ती आमच्या घरातली वीज. स्वर छेडण्यापूर्वीच भोंगा खर्जात गुणगुणू लागला. एका वेढ्याचा पिकअप घरातल्या तारांतल्या पन्नास कंपनांच्या विजेलाही कान देतो. त्यावर उपाय म्हणून दोन वेढे उलटसुलट जोडलेला पिकअप अमेरिकेत १९५७ च्या सुमारास गिटारींवर बसू लागला. मुलाची गिटार एका वेढ्याचीच. शिवाय आमच्या जुन्या घराला धड अर्थिंगच नव्हते. अंगणात खड्डा खणून, तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ घालून ते करून घेतले, तेव्हा गुणगुण पुष्कळ उतरली. राहिली ती ट्यूबलाइट मालवून आणि गिटार थोडी फिरवून धरून. चाळीस वर्षे याच घरात मी विजेच्या दिव्याखाली वाचले. तो दिवा इतका बोलका आहे हे मला माहीत नव्हते.

मग त्याने डबी बाजूला ठेवली आणि नुसती गिटार वाजवून दाखवली. तार घोडीजवळ छेडली की स्वर धारदार येतो, दांडीच्या अंगाला छेडली की गोल. नखीऐवजी बोट वापरले की आणखी मऊ. गिटारीवरचा आवाजाचा खुंटा थोडा मागे घेतला की तोच ॲम्प्लिफायर, ज्यातून क्षणापूर्वी गुरगुर येत होती, स्वच्छ बोलू लागतो. डबीवाचून एवढे रंग एका तारेतून निघतात, आणि डबी विकणारे हे सांगत नाहीत, असे तो म्हणाला. विक्रेत्याने मालाविरुद्ध साक्ष द्यावी ही अपेक्षा मला थोडी जादा वाटली. पण मी गप्प बसलो. ऐकून घ्यायला आलो होतो.

डबीचा इतिहास मात्र गमतीचा आहे. ती दोषातून जन्मली. मार्टी रॉबिन्स यांचे १९६१ साली बाहेर आलेले एक गाणे नॅशव्हिलमध्ये ध्वनिमुद्रित होत असता यंत्राचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या वाद्याचा स्वर फाटून उमटला. तो कोणाला तरी आवडला, तसाच ठेवला. १९६२ मध्ये तो बिघाड हुकमी घडवून आणणारी पेटी बाजारात आली. १९६४ साली इंग्लंडातल्या एका पोराने, डेव्ह डेव्हिस याने, भोंग्याचा कागदी पडदाच पात्याने चिरून तोच परिणाम साधला. आत घडते ते इतकेच: स्वराची लाट इतकी उंचावायची की यंत्राला ती मावू नये, मग तिचे शेंडे छाटले जातात, आणि छाटलेल्या लाटेत मुळात नसलेले उपस्वर उगवतात.

हे ऐकत असता आई दाराशी येऊन उभी राहिली होती. छाटणे, फाटणे हे शब्द तिच्यापर्यंत पोहोचले नसावेत, उपस्वर पोहोचला. ती म्हणाली, “म्हणजे जवारी.”

मुलाला जवारी ठाऊक नव्हती. हा दोष त्याचा नव्हे. तंबोरा त्याने उभा पाहिला होता, लावलेला ऐकला नव्हता. आईचे गुडघे गेल्यापासून गवसणी निघालीच नव्हती. त्या दिवशी निघाली. तारांना गंज होता, त्या मी बदलून आणल्या. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा किंचित उतरता. तार तिला एका बिंदूत टेकत नाही. कंपताना पुनःपुन्हा तिच्या उतारावर घासते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवला की एका नेमक्या जागी सबंध तार झंकारून उठते. चंद्रशेखर रामन यांनी १९२१ साली यावर निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडावी तिथे ज्यांचा कंप शून्य, ते उपस्वर उमटू नयेत असा युरोपातल्या पंडितांचा नियम. तंबोरा तो पाळत नाही, आणि कारण घोडीत आहे, हे त्यांनी दाखवले. डबीतली छाटणी आणि घोडीवरचे घासणे या दोन क्रिया एक नव्हेत. वकील म्हणून मला हा भेद नोंदवलाच पाहिजे. पण साध्या तारेत जे दडलेले असते किंवा नसतेच, ते बाहेर आणण्याची खटपट दोघांची. एकीला बॅटरी लागते, दुसरीला एक वीत सूत.

आई पलंगावर बसून सांगत होती आणि नातू दोरा सरकवीत होता. “थोडा मागे. आणखी. गेला, परत आण.” तासभर हे चालले. एकदम खर्जाची तार उघडली आणि तिच्या पाठीवर, कोणी न छेडलेला, गंधार उभा राहिला. आमच्याकडे त्याला स्वयंभू म्हणतात. माझ्या लहानपणी पहाटे तो ऐकत मी पुन्हा झोपी जात असे. मी खिडकीकडे तोंड केले.

मुलगा मात्र वेगळ्याच गोष्टीने चकित झाला होता. त्याने गिटार उचलली, डबी जोडली, आवाज अगदी लहान ठेवला आणि दोनच स्वर छेडले: षड्ज आणि पंचम. डबीतून गंधारासकट सारे स्वर एकदम छेडले तर चिखल होतो, म्हणून जोरकस वाजविणारे षड्ज-पंचमच घेतात. हे तो रामनवमीपूर्वी शिकला नव्हता, नंतर शिकला. षड्जाची कंपने दोन धरली तर पंचमाची तीन. डबीत दोन स्वर मिसळले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वर उपजतात. वजाबाकी एक: खालचा षड्ज. बेरीज पाच. आणि पाच म्हणजे वरच्या सप्तकातला गंधार. पडद्यांवरचा गंधार याहून अर्ध्या स्वराच्या शंभरांत चौदा भागांनी चढा असतो. म्हणून तो छेडला की या आपोआप उगवलेल्याशी भांडतो. रामनवमीला कर्ण्यांचा दोष होताच, पण हे भांडणही त्यात होते.

आईला आकडे सांगण्यात अर्थ नव्हता. तिने डोळे मिटले, मान जराशी तिरकी केली. “आसा,” ती म्हणाली. आहे.

नंतरचे पंधरा दिवस संध्याकाळी आमच्या घरी तंबोरा आणि गिटार एका षड्जात लागत. शेजाऱ्यांनी दोनदा तक्रार केली, ती मी रीतसर ऐकून घेतली. तंबोऱ्यावर गिटार शोभते असे मी म्हणणार नाही. पुष्कळदा शोभली नाही. एका संध्याकाळी शोभली, तेव्हा पाऊस पडत होता आणि वीज गेली, आणि आई अंधारात तंबोरा छेडीतच राहिली.

आषाढात तो नागपूरला गेला. ॲम्प्लिफायर नेला, डबी ठेवून गेला, आजीजवळ. विश्वस्तांच्या बैठकीत मी दोन विषय मांडले: कर्णे बदलणे, आणि गेल्या रामनवमीस माझ्या हातून झालेल्या वर्तनाची नोंद. पहिला खर्चाअभावी तहकूब झाला, दुसरा हसण्यावारी गेला. इतिवृत्तात तो यावा असा मी आग्रह धरला आहे. येत्या रामनवमीला त्याने वाजवावे, ॲम्प्लिफायर मी स्वतः उचलून नेईन, असे पत्र मी त्याला लिहिले आहे. पत्राचे उत्तर अद्याप आले नाही. काल फोनवर त्याने आजीशी बोलून घेतले आणि माझ्यासाठी तिच्याजवळ निरोप ठेवला: गवसणी घालताना तारेखालचा दोरा हालू देऊ नये.