मी "दिसला" म्हणाले

१२ नोव्हेंबरला आमचा चौथीचा वर्ग धरमतरच्या खाडीवर पक्षी बघायला गेला. त्या दिवशी थोर पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली यांची जयंती असते. ५ ते १२ नोव्हेंबर आपल्या राज्यात पक्षी सप्ताह पाळतात.

ओहोटीची वेळ माझ्या बाबांनी सांगितली होती. ओहोटीला चिखल उघडा पडतो, मग पक्षी किडे नि निवट्या खायला उतरतात. आम्ही खाजणाच्या बांधावरून एकामागे एक गेलो. बाजूला तिवरे होती.

सगळे म्हणू लागले, "तो बघ राखी बगळा! तो बघ खंड्या!" मला नुसते ठिपके दिसत होते. तरी मी "हो, दिसला" म्हणाले. वर्गातही मी असेच करायची. फळ्यावरचे मैत्रिणीच्या वहीत बघून लिहायची.

गुरुजींकडे एकच दुर्बीण होती. माझी पाळी आली. मधले चाक फिरवले आणि एकदम शेकाट्या दिसला! लांबच लांब गुलाबी पाय, काळे पंख, सुईसारखी चोच. चोचीतून थेंब पडला तोसुद्धा दिसला.

मग मैत्रिणीने दुर्बीण घेतली. ती म्हणाली, "गुरुजी, हिने बिघडवली. सगळं पुसट दिसतंय." तिने चाक फिरवले, तर मला पुसट. असे दोनदा झाले. गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. उघाडीकडे बोट करून विचारले, "तिथे कुरव किती बसलेत?" मला रडूच आले. गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, "उद्या बाबांना घेऊन ये."

तपकिरी डोक्याचे कुरव लडाखच्या तळ्यांकाठी अंडी घालतात आणि थंडीत आपल्याकडे येतात. ते एवढ्या लांबून आले, आणि मी न बघताच "दिसला" म्हणत होते. मला वाईट वाटले.

घरी आजी म्हणाली, "पोरीच्या जातीला चष्मा? हिचं लगीन कसं व्हायचं?" बाबा म्हणाले, "आई, आधी तिला फळा तर दिसू दे." मग तालुक्याला जाऊन डोळे तपासले. मला चष्मा लागला. येताना आम्ही बांधावर थांबलो. मी सतरा कुरव मोजले. बाबांनीही मोजले. सतराच भरले.

ज्यांना फळा दिसत नसेल त्यांनी लपवू नये, गुरुजींना सांगावे.

आजी अजून म्हणते, "पाहुणे आले की चष्मा काढ गं." मी काढत नाही. काढला तर पाहुणेच दिसत नाहीत.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी